खांदेरीचा दीपस्तंभ

उमरग्याच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला समुद्र हा ऐकीव विषय. आमच्या शिवारावर पडलेला पाऊसदेखील भीमेच्या किंवा तेरणा-मांजरेच्या वाटेने पूर्वसमुद्राला जातो, पश्चिमेकडे वळत नाही. म्हणूनच अलिबागजवळच्या थळहून कोळ्यांच्या होडीतून खांदेरीकडे निघालो, तेव्हा पाण्यातून वर आलेल्या त्या बेटापेक्षाही त्याच्या माथ्यावरील दीपस्तंभाकडेच माझी दृष्टी खिळून राहिली.

मुंबई बंदराच्या वाटेवर नजर ठेवणारे हे बेट. त्यावर १६७९ साली शिवछत्रपतींच्या आज्ञेने मायनाक भंडारी तटबंदीच्या कामाला लागला, आणि ते काम मोडून काढण्यासाठी इंग्रज व सिद्दी या दोघांचीही आरमारे चालून आली. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. परंतु वारा पडला की ती जागीच खिळत, आणि मराठा सरदार दौलतखानाच्या आरमारातील हलक्या होड्या, वल्ह्यांच्या बळावर आणि काळोखाच्या आश्रयाने, वेढ्यातून निसटून बेटावर रसद पोहोचवीत. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांना समेट करून माघार घ्यावी लागली. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या अमदानीत, १७१८ साली, इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला, तोही फसला. आज बेटाला कान्होजींचेच नाव आहे.

१८१८ नंतर मुलूखच इंग्रजी अंमलाखाली गेला, आणि ज्या बेटाला अंधाराने तारले होते त्याच बेटावर १८६७ साली दिवा लागला. मुंबई तेव्हा कापसाच्या व्यापाराचे मोठे बंदर होते, आणि दोनच वर्षांत सुएझचा कालवाही खुला व्हायचा होता. या किनाऱ्याच्या खडकांवर जहाज आपटू देणे कोणालाच परवडणारे नव्हते. दीपस्तंभाचे खरे सामर्थ्य ज्योतीपेक्षा तिच्याभोवतीच्या काचमंडळात असते: वर-खाली वाया जाणारे किरण लोलक अडवतात आणि क्षितिजाला समांतर वळवितात. प्रत्येक दीपाच्या उघडझापेचा क्रम निराळा असल्यामुळे नाखवा तो मोजूनच आपले ठिकाण ओळखतो.

तटाचा दगड मी हाताने चाचपून पाहिला; आमच्या विहिरींच्या बांधकामात असतो तोच काळा कातळ! चाकांच्या लोखंडी गाड्यांवर अजून तोफा उभ्या आहेत. होडीच्या तांडेलाने आधी बेटावरील वेताळाला नारळ वाढविला, मग एका शिळेवर खडा आपटून दाखविला, तर तीतून घंटेसारखा धातूचा नाद उमटला.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरी आहे. माझ्या मते येथे तटाचा आणि दिव्याचा इतिहास एकत्रच सांगितला पाहिजे. तट पाहून दिव्याकडे पाठ फिरविणारा प्रवासी अर्धेच बेट पाहतो. मराठवाड्यातील वाचकांनी अलिबागच्या वाळूवरून परतू नये. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, म्हणून दिवाळीनंतर जावे. भरती-ओहोटी तांडेलाला विचारून निघावे, आणि दीपस्तंभ सरकारी असल्याने वर चढण्याच्या परवानगीची चौकशी आधीच करावी.