रिकाम्या गाडीचे वजन

आमच्या देवघराच्या खालच्या फळीवर स्टीलची एक लहान डबी ठेवलेली असते. पाहुण्यांना वाटते, तीत अंगारा असावा किंवा नैवेद्याची खडीसाखर. प्रत्यक्षात तीत चहाचे चार चमचे साधी साखर असते आणि झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, आपल्या ठसठशीत कारकुनी अक्षरात लिहिले आहे : ‘औषध’. ज्या घरात बारा वर्षे मधुमेहाचा मुक्काम आहे, त्या घरात साखरेला औषध का म्हणावे लागले, ते आज सांगावेसे वाटते. त्यात माझी एक मोठी चूक आहे. घरातल्या वृद्धांची काळजी वाहणाऱ्या कुणाला ती उपयोगी पडली, तर कबुलीचे सार्थक होईल.

अण्णांची सारी नोकरी सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. गळीत हंगाम सुरू झाला की काट्यासमोर उसाच्या गाड्यांची रांग लागे आणि अण्णा दिवसपाळी-रात्रपाळीचा हिशेब विसरून जात. सभासद म्हणून सवलतीच्या दरात मिळणारी साखर घरी पोत्याने येई. आमच्या सासूबाई म्हणत, “आपल्या घरचा चहा अगोड लागला, तर कारखान्याचं नाव जाईल!” अशा घरात अण्णांना छप्पन्नाव्या नव्हे, सासष्टाव्या वर्षी मधुमेह निघाला, हेच पुष्कळ म्हणायचे. पुढे सात वर्षे सासूबाईंनी त्यांचे खाणेपिणे आपल्या पद्धतीने सांभाळले. त्या गेल्या आणि ती जबाबदारी माझ्याकडे आली.

मी शाळेत शिक्षिका. शिस्तीवर माझा फार विश्वास. पहिल्याच आठवड्यात मी घरातली साखर आणि गूळ शेजारी देऊन टाकला आणि स्वयंपाकघरातील डब्याच्या जागी कृत्रिम गोडीच्या गोळ्यांची बाटली ठेवली. साखरच नाही म्हटल्यावर साखर वाढेल कुठून, असा माझा सरळ हिशेब होता.

तो हिशेब चुकला. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी आधी ८.४ होती, ती पुढच्या वेळी ८.७ आली. मी चकित झाले. नंतर शांतपणे पाहिले, तेव्हा कारण समोरच होते. चहात गोळी असल्यामुळे चहाच्या कपांवरचा निर्बंध सुटला होता. दोनाचे पाच कप झाले. प्रत्येक कपाबरोबर ‘शुगर-फ्री’ असे छापलेली दोन बिस्किटे जात होती. त्या बिस्किटांत साखर नव्हती. पण मैदा होता, आणि मैद्याचे पोटात ग्लुकोजच होते. दुपारी दोन वाढी भात आणि संध्याकाळी पोहे होतेच. म्हणजे समोरच्या दारातून साखर घालवून मागच्या दाराने मीच तिला आत घेत होते. ‘साखरविरहित’ गुलाबजामातही खवा आणि मैदा असतो, हे मला तेव्हा सुचलेच नाही.

त्या निमित्ताने मी या गोळ्यांविषयी बरेच वाचले. यांतील बहुतेक पदार्थांचा शोध योगायोगाने लागला. १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करणाऱ्या कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना जेवताना आपल्या हाताची चव गोड लागली आणि सॅकरिन सापडले. १९६५ साली जठरव्रणावरील औषधाचे संशोधन चालू असताना अ‍ॅस्पार्टेम हाती लागले. ते साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड असते, तर १९७६ साली सापडलेले सुक्रालोज सुमारे सहाशे पट. म्हणूनच चिमटीएवढ्या गोळीने कप गोड होतो आणि उष्मांक जवळजवळ मिळतच नाहीत. अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने आपली गोडी गमावते, त्यामुळे ते उकळत्या खिरीत घालून उपयोग नसतो.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातले, तेव्हा आमच्या गल्लीत बरीच घबराट झाली. त्याच वेळी अन्नातील घटकांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने मात्र रोजची सुरक्षित मर्यादा होती तीच, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम, कायम ठेवली. साठ किलोच्या माणसाला ती २४०० मिलिग्रॅम होते. चहात दोन-चार गोळ्या टाकणारा तिच्या जवळपासही जात नाही. त्याआधी मे महिन्यात याच संघटनेने, केवळ वजन घटवण्यासाठी अशा पदार्थांवर विसंबू नये, असा सल्ला दिला होता. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना तो सल्ला लागू नाही, हेही तिने स्पष्ट केले होते. या साऱ्यातून मी एवढेच घेतले, की मधुमेही माणसाने चहात एखादी गोळी टाकली तर बिघडत नाही. परंतु त्या गोळीने ताटातल्या बाकीच्या पदार्थांची माफी मिळत नाही. आणि गूळ, मध, काकवी ही नावे कितीही सात्त्विक वाटली, तरी मधुमेहाच्या दृष्टीने ती साखरेचीच भावंडे आहेत.

हे शहाणपण मात्र नंतरचे. ८.७ चा अहवाल पाहून डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन स्रवायला लावणारी ती गोळी सकाळच्या न्याहारीपूर्वी घ्यायची होती. मला वाटले, आता आपणही आपले काम चोख केले पाहिजे. डॉक्टरांना न विचारता मी रात्रीच्या दोन भाकऱ्यांची एक केली आणि पहाटे अनशापोटी तासभर फिरण्याचा नेम लावला. अण्णा काही बोलले नाहीत. आयुष्यभर कारखान्याच्या भोंग्यावर चाललेला माणूस. सुनेच्या घड्याळावरही चालू लागला.

आषाढी एकादशी आली. अण्णांचा हा उपवास लहानपणापासूनचा. मी म्हटले, “साबुदाण्याची खिचडी नको, नुसता स्टार्च आहे. केळही नको.” साबुदाण्याने साखर झपाट्याने वाढते, हे खरेच आहे. पण मी खिचडी काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच दिले नाही. साडेसातला मात्र न चुकता ती गोळी हातावर ठेवली. गोळीच्या घोड्यावर स्वार व्हायला पोटात अन्नच नव्हते. वरून अण्णा पावसातच विठ्ठलमंदिरापर्यंत चालत जाऊन आले.

परत येऊन ते ओसरीवर बसले. मी पंचा घेऊन गेले, तर पावसाच्या पाण्याखाली त्यांच्या कपाळावर घाम फुटलेला. हात थरथरत होते. माझ्याकडे पाहून ते करड्या आवाजात म्हणाले, “गाडी काट्यावर घ्या. रांग मोडू नका.” क्षणभर मला वाटले, वयाने भ्रम झाला, मग वाटले, अर्धांगाचा झटका असेल. थरथरत्या हाताने यंत्रावर रक्त तपासले. आकडा होता ५२. सत्तरच्या खाली गेलेली साखर तातडीने वर आणावी लागते, हे मला ठाऊक होते. मी स्वयंपाकघरात धावले. ज्या फळीवर एके काळी साखरेचे पोते रिते व्हायचे, तिथे मला हवी असलेली तीन चमचे साखर नव्हती. होती ती फक्त गोळ्यांची बाटली. घाबरून मी चार गोळ्या पाण्यात विरघळवल्या, भांडे घेऊन दारापर्यंत आले आणि तिथेच थबकले. ते पाणी अतिशय गोड होते आणि त्यात अण्णांच्या कामाचे काहीच नव्हते. कृत्रिम गोडीने उतरलेली साखर चढत नाही.

शेजारच्या काकूंनी माझी हाक ऐकली आणि वाटीभर साखर घेऊन त्या धावत आल्या. मीच त्यांना दिलेली साखर! अण्णा शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजता आली. पंधरा मिनिटांनी आकडा ८१ झाला. मग दूध आणि भाकरी दिली. बरे वाटल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न केला, “उपास मोडला का गं माझा?” मला उत्तर देता येईना.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि ती गोळी बंद करून दुसरी दिली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाची साखर तरुणाइतकी काटेकोर खाली आणण्याचा हट्ट धरायचा नसतो. या वयात साखर एकाएकी उतरणे अधिक धोक्याचे असते. आणि उपवास करायचा असेल तर औषधाचे काय करायचे, ते आधी विचारायचे, हे त्यांनी समजावले. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली : माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालायचे नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते, अशा वेळी ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची.

त्या रात्री मी अण्णांची क्षमा मागितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पोरी, आमच्या काट्यावर गाडी दोनदा यायची. एकदा भरलेली, एकदा ऊस उतरवून रिकामी. दोन्ही वजनं घेतल्याबिगर उसाचा हिशेब लागायचा नाही. तू नुसती भरलेली गाडी तोलत बसलीस. मी काय खाल्लं, ते रोज लिहिलंस. मी रिकामा कधी होतो, ते कुठं लिहिलंस?”

दुसऱ्या दिवसापासून वहीत नवे रकाने पडले : किती खाल्ले याच्या शेजारी किती वाजता खाल्ले, चालणे जेवणाआधी की नंतर, आणि अण्णांना कसे वाटले. शेवटचा रकाना अण्णा स्वतः भरतात.

ताटही बदलले, पण एकट्या अण्णांचे नव्हे, सर्वांचे. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग उसळ किंवा वरण, उरलेल्यात ज्वारीची भाकरी किंवा मोजका भात. चहा दोनच वेळा. गोळ्यांची बाटली आम्ही फेकली नाही. मात्र दोन गोळ्यांची एक झाली, एकीची अर्धी झाली आणि आता सकाळचा चहा अण्णा अगोडच पितात. जिभेला सवय लागायला दोन-अडीच महिने गेले.

पहाटेचे अनशापोटी चालणे बंद झाले. त्याऐवजी दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे आम्ही दोघे अंगणात किंवा गल्लीत सावकाश चालतो. जेवणानंतर रक्तात साखर चढू लागते, नेमके त्याच वेळी चालणारे स्नायू ती ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाटही पाहावी लागत नाही. दिवसातून दोनदा अण्णा भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतात-बसतात. म्हातारपणी मांड्यांचे स्नायू झडतात, तोल जातो. साखर साठवून घेण्याची जागाही तेवढी कमी होते. पायांत बंद, मऊ पादत्राणे असतात आणि रात्री तळपाय मी उजेडात पाहते, कारण बधिर पायाला जखम झालेली कळत नाही.

गेल्या पाडव्याला पुरणपोळी केली. अण्णांनी अर्धी पोळी मागून घेतली, भात सोडला आणि जेवल्यावर नेहमीपेक्षा पाच मिनिटे जास्त चालले. पूर्वी ते खिशात पेढा लपवून मंदिरामागे खात असत, हे त्यांनी त्याच फेरीत मला सांगितले. मागील एचबीए१सी ७.६ आली. डॉक्टर म्हणाले, “या वयाला छान आहे.”

डबीतील साखर दर महिन्याच्या एक तारखेला अण्णाच बदलतात. ओल लागून तिचे खडे होऊ नयेत, म्हणून तळाशी कागद घालतात. जुनी साखर मुंग्यांना घालतात. तशीच एक पुडी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते, ज्या खिशात पूर्वी पेढा असे. या तीन वर्षांत डबी फक्त एकदा उघडावी लागली. त्या वेळी मी घरी नव्हते. अण्णांनी घाम ओळखला, आकडा पाहिला, साखर घेतली, पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडा पाहिला आणि वहीच्या शेवटच्या रकान्यात वेळ घालून नोंद केली : ‘गाडी रिकामी होती. भरून घेतली.’