पाणी ओसरल्यावर

मुलांनो, कोकणात राहणाऱ्या माणसाला पाऊस नवा नाही. घरात पाणी शिरताना सगळेच धावपळ करतात. पण पाणी ओसरले की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि संकट टळले असे समजतो. खरे पाहता घरातल्या वस्तूंचे बरेचसे नुकसान त्यानंतरच्या दोन दिवसांत होते. हे कसे, ते आज तुम्हांला सांगते.

मी चिपळूणला राहते. आमचे शहर वाशिष्ठी नदीच्या काठी वसलेले आहे. २००५ साली येथे मोठा पूर आला होता. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी, बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी, पुन्हा पूर आला. आम्ही सारे शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर बसून होतो. पाणी उतरल्यावर खाली आलो, तर घरभर गाळ झाला होता.

अब्बा दारातच म्हणाले, "आधी विजेचे पाहू. तोपर्यंत कोणी आत पाऊल टाकू नका." ओल्या जमिनीवर उभे राहून विजेच्या बटणाला हात लावणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. वायरमनने पुरवठा बंद असल्याची खात्री करून दिली, तेव्हाच आम्ही आत गेलो. पायांत गमबूट होते. पुराच्या घाण पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात. पायाला जखम असेल, तर धोका अधिक असतो. काहीही हलवण्यापूर्वी मी घराचे फोटो काढले. पुढे पंचनाम्याच्या वेळी ते उपयोगी पडले.

अम्मी गाद्या बाहेर ओढू लागली. तेव्हा दादी म्हणाली, "बेटी, गादी पुन्हा भरता येईल. माझी ट्रंक आधी उघड." त्या ट्रंकेत घराचे कागद, अब्बांचा शाळेचा दाखला, जुने फोटो आणि दादाजानची शेरोशायरीची वही होती. दादीचे म्हणणे अगदी योग्य होते. जे बाजारात पुन्हा मिळत नाही, ते आधी वाचवावे.

मुलांनो, एवढी घाई कशासाठी? बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ओल मिळाली की २४ ते ४८ तासांत ते वाढू लागतात. कोकणातली पावसाळी हवा आधीच दमट असते. अशा हवेत वस्तू आपोआप वाळत नाहीत. नुसत्या खिडक्या उघडून भागत नाही, वारा खेळता ठेवावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका घरी कपड्यांचे कपाट पाच दिवस बंदच राहिले. उघडले तेव्हा कपड्यांवर काळे ठिपके पडले होते. ते धुऊनही गेले नाहीत.

आम्ही ट्रंक घेऊन उंचावर राहणाऱ्या चाचांकडे गेलो. तेथे वीज होती. चिकटलेली पाने आम्ही ओढून सोडवली नाहीत, कारण ओला कागद लगेच फाटतो. वही निथळू दिली. मग थोड्या थोड्या पानांनंतर कोरे कागद घातले आणि ते ओले झाले की बदलले. पंखा खोलीत चालू ठेवला, पण त्याचा झोत पानांवर येऊ दिला नाही. एकमेकांना चिकटलेले फोटो स्वच्छ पाण्यात ठेवून हळूहळू सुटे केले आणि चित्राची बाजू वर करून वाळवले. एखादे पुस्तक लगेच वाळवता येत नसेल, तर ते पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावे. थंडीत बुरशी वाढत नाही.

दाखला वाचला. घराचे कागदही वाचले. वहीतले शाईने लिहिलेले पुष्कळ शेर मात्र धुऊन गेले. पेन्सिलीने लिहिलेले तेवढे राहिले, कारण पेन्सिलीची खूण पाण्यात विरघळत नाही. दादी ती पाने एकेक करून वाचत होती आणि पुसलेल्या ओळी तोंडपाठ म्हणत होती. मी त्या दुसऱ्या वहीत लिहून घेतल्या.

मग बाकीच्या कामांना हात घातला. भिजलेले पीठ, धान्य व मसाले टाकून दिले. कापसाच्या गाद्यांचाही मोह सोडला. कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढली. जमीन धुऊन ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसली. ही पावडर दुसऱ्या कोणत्याही साफ करायच्या औषधात मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. भिंती पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावला नाही.

मुलांनो, यासाठी पूरच यायला हवा असे नाही. कौल फुटून पेटीवर पाणी गळले, तरी हेच नियम लागू पडतात. "रविवारी पाहू" असे म्हणू नका. ओली वस्तू त्याच दिवशी उघडा, पुसा आणि वाऱ्यावर ठेवा. आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातले महत्त्वाचे कागद कोठे आहेत, ते मोठ्यांना विचारा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच फळीवर ठेवा.