गणेशखिंडींतला एक उन्हाळा

‘उन्हाळ्याची सुटी मी कशी घालविली’ ह्या विषयावर शाळेंत निबंध लिहिला नाहीं, असा मनुष्य आमच्या पिढींत सांपडणें कठीण. त्या निबंधांत आम्हीं सर्वांनीं मामाच्या गांवचे आंबे खाल्ले, विहिरींत डुंबून घेतलें, आणि ‘सुटी कशी संपली तें कळलेंहि नाहीं’ ह्या ठराविक वाक्यानें शेवट केला. ज्यांना मामा नव्हता त्यांनींहि तेंच लिहिलें. पुढें एकदां खरोखरच सांगण्यासारखी सुटी माझ्या वांट्यास आली. पण तोंवर निबंधाचा विषय घालणारें कोणी राहिलें नव्हतें. म्हणून आज, वाचकांची क्षमा मागून, तो राहून गेलेला निबंध लिहावयास बसलों आहें.

गोष्ट १९७९ सालच्या मे महिन्याची. गणेशखिंडींत पुणें विद्यापीठाच्या आवारांत इतिहास विषय घेऊन मी एम्. ए. चें पहिलें वर्ष पुरें केलें होतें. माझे वडील जळगांव जिल्ह्यांतील एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. तालुक्याच्या गांवीं शाळेंत जागा निघणार आहे, तरी एम्. ए. चा नाद सोडून बी. एड्. करावें, असें त्यांचें एप्रिलमध्यें पत्र आलें. घरीं गेलों तर हा विषय समोरासमोर निघणार, हें मला पक्कें ठाऊक होतें. म्हणून मीं उत्तर धाडलें कीं, ग्रंथालयांत महत्त्वाचें काम असल्यामुळें सुटींत येणें जमत नाहीं. त्या पत्रांतील प्रत्येक शब्द शुद्ध होता. खरा मात्र एकहि नव्हता.

खोटें बोलणाऱ्या मनुष्याला उद्योगी व्हावें लागतें. मींहि मोठ्या कागदावर वेळापत्रक आंखलें. दहा ग्रंथ, तीस दिवस. म्हणजे दर ग्रंथास तीन दिवस, असा त्रैराशिकाचा सोपा हिशेब होता. परंतु पुण्याच्या वैशाखाला त्रैराशिक येत नसावें. सकाळीं दहाच्या सुमारास वसतिगृहाचें छत तापूं लागे, आणि दुपारीं पुस्तकाच्या पानांवर घामाचे ठसे उमटत. तिसऱ्या दिवशीं तो कागद भिंतीवरून निघाला आणि त्याचा उपयोग मीं वारा घेण्याकडे केला. वेळापत्रकाचा तेवढाच काय तो खरा उपयोग झाला.

हळूहळू उन्हाळ्यानेंच मला आपलें वेळापत्रक शिकविलें. पहाटे आवारांत भटकावें, ऊन चढलें कीं ग्रंथालयाच्या गारव्यांत शिरावें, आणि पश्चिमेचा वारा सुटला कीं सायकलीवर टांग टाकून गांवांत वसंत व्याख्यानमालेस जावें. १८७५ सालीं न्यायमूर्ति रानड्यांच्या पुढाकारानें ही व्याख्यानमाला सुरू झाली. ज्या ऋतूंत इतर शहरांना घोरणें सुचतें, त्याच ऋतूंत पुणेकरांना महिनाभर रोज एक व्याख्यान ऐकणें सुचावें, ह्यास काय म्हणावें! पुण्याच्या संध्याकाळींच्या वाऱ्यालाच मी त्याचें श्रेय देतों. दिवसभर भाजून निघालेल्या मनुष्याला तो वारा लागला म्हणजे वक्ता कोणीहि असो, श्रोता प्रसन्न होतो.

आवाराचा इतिहासहि मला त्याच दिवसांत कळला. मनोऱ्याची ती मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराचें जुनें निवासस्थान. बार्टल फ्रियरच्या कारकीर्दींत, १८६४ सालीं, तिच्या बांधकामास आरंभ झाला. गव्हर्नरसाहेबांचा शिरस्ता असा कीं, हिवाळा मुंबईस, उन्हाळा महाबळेश्वरास, आणि पावसाळा पुण्यास. म्हणजे हा वाडा, हीं हिरवळीचीं मैदानें, हा सारा थाट पावसाळ्यासाठीं होता. उन्हाळ्यांत येथें धनी नसे. असत ते माळी आणि पहारेकरी. विद्यापीठ १९४९ सालीं स्थापन झालें आणि १ जूनला ह्या इमारतींत आलें, तेंहि उन्हाळा जवळजवळ संपवूनच. तेव्हां येथला उन्हाळा पहिल्यापासून ज्यांना दुसरीकडे जातां येत नाहीं अशांच्याच मालकीचा आहे, असें मला वाटूं लागलें आणि मी स्वतःस त्या वतनाचा वारस समजूं लागलों.

माझा सहवारस म्हणजे एक वृद्ध माळी. वडाच्या पारंब्यांशेजारीं लावलेल्या रोपांना तो सूर्य कलल्यावर पाणी घाली. मदत करण्याच्या हौसेनें मी एकदां रोज सकाळीं तांब्याभर पाणी एका रोपाला घालूं लागलों. चार दिवस त्यानें पाहिलें, आणि मग म्हणाला, “दादा, रोज घोटघोट पाजलंत तर मूळ वरच घुटमळतं. आठ दिसांनी द्या, पण पोटभर द्या. मग ते खाली पाणी हुडकत जातं.” मीं मान डोलविली आणि तांब्या खालीं ठेवला. त्या रात्रीं दहा ग्रंथांपैकीं आठ ग्रंथहि मीं तसेच खालीं ठेवले. उरले दोन : रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ, आणि राजवाड्यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड. वहींत त्यांचीं टिपणें होऊं लागलीं आणि मधल्या जागेंत बहाव्याला पहिला घोंस कधीं आला, गुलमोहर कधीं पेटला, तांबट पक्षी किती वाजतां ठोके द्यावयास लागतो, ह्यांच्या नोंदीहि शिरल्या.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्या रस्त्यावरून सायकल हांकतांना एक तारीख आठवल्यावांचून राहत नसे. २२ जून १८९७ च्या रात्रीं राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ ह्याच वाड्यांत झाला, आणि तेथून परततांना प्लेगचा अधिकारी रँड ह्याच्यावर चापेकर बंधूंनीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली. त्याच प्लेगमध्यें, त्या रात्रीच्या साडेतीन महिने आधीं, १० मार्चला, रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले वारल्या, ही दुसरी तारीख मात्र तेव्हां माझ्या ध्यानींमनींहि नव्हती. २०१४ सालीं विद्यापीठाला त्यांचें नांव मिळालें तेव्हां ह्या दोन तारखा मीं प्रथम शेजारीं शेजारीं ठेवल्या. जेथें दिव्यांची रोषणाई झाली, त्या वाड्यावर अखेर नांव लागलें तें त्या वर्षीं पुण्यांत रोग्यांच्या उशाशीं बसलेल्या एका शिक्षिकेचें!

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत, एका सकाळीं दार वाजलें. उघडून पाहतों तों अण्णा! रात्रभरच्या एस्. टी. च्या प्रवासानें सदरा चुरगळलेला, बगलेंत छत्री, हातांत आंब्यांची करंडी. “तुझ्या आईनें रायवळ आंबे दिले आहेत,” ते म्हणाले. “तुला कामांतून निघणें होत नाहीं, म्हणून म्हटलें आपणच जावें.”

ह्या वाक्यांत रागाचा लेश असता तर मला तें सोसलें असतें. तोंड धुऊन, चहा घेऊन झाल्यावर ते म्हणाले, “काय काम चाललें आहे, पाहूं.” मीं वही पुढें केली. त्यांनीं चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून ती वाचावयास आरंभ केला. तासभर ते वाचीत होते आणि तासभर मी उभा होतों. बस म्हणण्याचें त्यांना सुचलें नाहीं, आणि बसण्याचें मला. बहाव्याच्या नोंदीवर ते किंचित् थांबले. बोलले कांहीं नाहींत.

दुपारीं मीं त्यांना ग्रंथालय दाखविण्यास नेलें. कपाटांमधून ते अगदीं हळू, देवळांत चालावें तसे चालत होते. एका कपाटापाशीं ते थबकले. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड होते ते. एक खंड काढून घेऊन ते खिडकीशीं बसले, तें बंद होण्याची वेळ झाली तेव्हां उठले. पायऱ्या उतरतांना म्हणाले, “वर्गांत ह्या ज्ञानकोशाचें नांव मी तीस वर्षें घेत आलों. पाहिला आज.”

मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं. बी. एड्. चा विषय निघेल तो आतां निघेल म्हणून मी रात्रभर जागा होतों. अण्णा मात्र वसतिगृहाच्या गच्चीवर वाऱ्यांत शांत झोंपले होते. सकाळीं आवराआवर करतांना त्यांनीं वही पुन्हां मागून घेतली, खिशांतली तांबडी पेन्सिल काढली, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, आणि शेवटच्या ओळीखालीं, मुलांच्या वहीवर करीत तशी, ‘पाहिलें’ अशी सही करून तारीख घातली. त्या विषयाचा निकाल एवढाच. मीं रिकामी करंडी उचलली आणि त्यांच्याबरोबर घरीं गेलों. आठवडाभर राहून जूनमध्यें परत आलों, एम्. ए. पुरें केलें आणि शिक्षकच झालों.

अण्णा आज नाहींत. वही आहे. मे महिन्यांत कधीं आवारांत फिरावयास गेलों म्हणजे वडाखालीं मुलेंमुली पुस्तकें आणि मोबाइल घेऊन बसलेलीं दिसतात. परवां एकाला विचारलें, “सुटींत घरीं नाहीं गेलास?” तो म्हणाला, “सर, अभ्यास आहे म्हणून कळवलं घरी.” त्याच्या स्वरावरून मीं काय तें ओळखलें. उपदेश करण्याचें वय आहे, पण अधिकार नाहीं. म्हणून वारा कोणत्या बांकावर लागतो तेवढें त्याला दाखविलें, आणि निघतांना म्हटलें, “वडिलांना एकदां इकडे बोलावून घे. ग्रंथालय दाखव त्यांना.”