श्वासाचं बळ

बळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दंड-मांड्या येतात, तालमीतली तांबडी माती येते. श्वासालाही बळ लागतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांत हवा यायला एखाद-दोन सेंटिमीटर पाण्याएवढा दाबाचा फरक पुरतो. मग गाठीशी किती असतं? ते मोजायची रीत साधी आहे. छातीतली हवा होता होईल तेवढी बाहेर टाकायची आणि जवळपास बंद नळीतून जिवाच्या आकांतानं आत ओढायचं. मग छाती भरून घेऊन तशाच नळीत फुंकायचं. नळीला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. नाहीतर माणूस नुसत्या गालांनी चोखून काटा हलवतो!

१९६९ साली अमेरिकेत ब्लॅक आणि हायट यांनी १२० निरोगी माणसांचे आकडे प्रसिद्ध केले. पंचावन्नच्या आतल्या पुरुषांची ओढ सरासरी १२४ सेंटिमीटर, बायकांची ८७. फुंकर मात्र २३३ आणि १५२. मला नवल वाटलं नाही. बेळगावच्या पावसाळ्यात ओल्या लाकडांपुढं फुंकणी घेऊन बसलेली आई मी पाहिली आहे.

पण गोम सरासरीत नाही. त्या पुरुषांत ८० पासून १६८ पर्यंत सगळं 'नॉर्मल'च धरावं लागतं. १९८४ साली ब्रिटनमधल्या मोजणीत पुरुषांची ओढ १०६ च भरली. वय, उंची राहू द्या, तोंडात धरायची नळी बदलली तरी आकडा बदलतो.

हे सारं मी वाचलं ते आक्कापायी. तिला मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा विकार. संध्याकाळ झाली की पापण्या मिटायच्या, घास घशात अडायचा. दुखणं श्वासावर उतरतं की काय, ही धास्ती. तिची ओढ ५४ भरली.

"कमी आहे का हो, डॉक्टर?" मी विचारलं.

"८० च्या वर असती तर निश्चिंत झालो असतो," ते म्हणाले. "पण साठी उलटलेल्या धडधाकट बाईचीही एवढी भरू शकते."

मग त्यांनी मलाच नळी दिली. पहिल्या खेपेला ७०. तंत्रज्ञ पोरगा कानडी; तो शेजारी उभा राहून "इन्नू, इन्नू!" म्हणून ओरडायला लागला आणि तिसऱ्या खेपेला ८८ झाले. भाषेचे वाद काही असोत, त्या 'इन्नू'नं माझ्या छातीत १८ सेंटिमीटर भर घातली, हे नाकारता येत नाही. आक्का खुदकन हसली.

तिच्यापुरतं नॉर्मल म्हणजे हेच ५४, असं डॉक्टरांनी ठरवलं. दर महिन्याला त्याच यंत्रावर, त्याच नळीनं, शक्यतो सकाळी मोजायचं. ते घसरायला लागलं तर थांबायचं नाही, तडक यायचं. पुढं ५२ आलं, मग ५८. आक्का चिठ्ठ्या देव्हाऱ्याच्या खणात ठेवते. पुढची तारीख पाडव्यानंतरची आहे, आणि "तोच पोरगा असेल ना रे?" एवढंच ती विचारते.