निर्वेध आणि निजोखमी

मराठी दस्तऐवजांच्या भाषेचा अभ्यास आपण साधारणतः बखरी, सनदा आणि महजरांपाशी थांबवतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आजही रोज नोंदले जाणारे मराठी गद्य मात्र आपल्या अभ्यासक्रमाच्या वाऱ्यालाही उभे नसते. गेले दीड वर्ष सांगलीत घर शोधण्याच्या निमित्ताने मला हे गद्य सक्तीने वाचावे लागले. चार मसुदे, दोन शोध-अहवाल, दोन पाहणी-अहवाल. एखाद्या शोधनिबंधाला पुरेल एवढी ही सामग्री आहे, आणि तिच्या वाचनावर आमच्या दोघांच्या वीस वर्षांच्या पगाराचे भवितव्य अवलंबून होते, हे निराळेच.

खरेदीखतात एक जोडशब्द हटकून येतो : ‘निर्वेध व निजोखमी’. सदरहू मिळकत निर्वेध व निजोखमी असल्याची हमी लिहून देणार हा लिहून घेणाऱ्यास देतो. ‘वेध’ म्हटले की आपल्याला ग्रहणाचे वेध आठवतात. घरावर कसलीही सावली नाही, असा काहीसा दिलासा त्या शब्दात ऐकू येतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ फार आखूड आहे. जोखीम म्हणजे येथे गहाण, दान, पोटगी, जप्ती, वारसाचा हक्क. माणसांकडून आणि बँकांकडून येणारी जोखीम तेवढी या शब्दात मावते. गंजलेली सळई आणि कृष्णा नदी मावत नाही. गंमत अशी की त्याच दस्तात, जुन्या सनदांतून चालत आलेल्या उपचाराने, मिळकत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ यांसह विकलेली असते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात तरु कुठला आणि निधी कुठला! पण ‘जल’ मात्र सांगलीत खरोखरच दिले जाते.

सासूबाईंचे गुडघे जिना मानत नाहीत, म्हणून आम्हाला तळमजला हवा होता. गावभागाच्या बाजूला एक सदनिका परवडण्यासारखी होती. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला. सूची क्रमांक दोनमधील प्रत्येक व्यवहार, प्रत्येक फेरफार तारीखवार मांडलेला. शेवटी ‘फाटलेल्या व उपलब्ध नसलेल्या पानांस अधीन राहून’ असे एक सावध वाक्य. कोणत्याही पाठचिकित्सकाने आदर्श मानावे असे ते वाक्य आहे. तीस वर्षांत ते घर कोणाकोणाचे होते हे आम्हाला कळले. त्या तीस वर्षांत ते किती वेळा पाण्यात होते, हे त्या अठरा पानांत कुठेच नव्हते. तो प्रश्न विचारणारा रकानाच नसतो.

मालकांना विचारले. ते म्हणाले, “मॅडम, पायरीपर्यंत आलं होतं. आत नाही.” भिंतींना नवा रंग होता. विजेची सगळी बटणे मात्र डोक्याच्या उंचीवर होती. यजमानांना ती सोयीची वाटली, मला वाटली नाहीत. शेवटी आमच्या एका सहकाऱ्यांच्या ओळखीचे स्थापत्य अभियंते पाहणीला आले. हातात लहान हातोडी, खिशात विजेरी. ते भिंतीवर टकटक करीत फिरत होते आणि बद्द आवाज आला की खडूने फुली करीत होते. भिंतीतल्या कपाटाची खालची फळी त्यांनी सरकवली. मागे रंगाऱ्याचा हात पोचलेला नव्हता. त्यांच्या अहवालातील वाक्य असे : “शयनगृहातील कपाटाच्या मागील भिंतीवर फरशीपासून अंदाजे सव्वापाच फूट उंचीवर आडवी, सलग, मातकट रेषा आढळली. रेषेखाली गिलाव्यास लोणा आहे.”

‘पूर’ हा शब्द का नाही, असे मी त्यांना विचारले. “मी रेषा पाहिली मॅडम, पूर पाहिला नाही.” साहित्याच्या वर्गात आपण मुलांना किती कष्टाने हे शिकवतो!

शेजारच्या काकूंना असल्या संयमाची गरज नव्हती. “या, आत या,” म्हणून त्यांनी मला थेट देवघराशी नेले आणि चौकटीवरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवल्या. खालची २००५ ची, सर्वांत वरची २०१९ ची, मधली २०२१ ची. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. ही माहिती सरकारदप्तरीही आहे; पण ‘या घरात कुठवर’ हे सांगणारी नोंद त्या चौकटीवरच होती, आणि काकूंनी घर विकले की नवा मालक चौकट बदलील.

सरकारी नकाशावर दोन रेषा असतात. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामास मनाई, निळ्या-लाल रेषांच्या मध्ये अटींसह परवानगी. जुन्या गावठाणात घरे आधीची, रेषा नंतरची. म्हणून तिथे हे सगळे गुंतागुंतीचे होते. पण मला अडवले ते ‘एकदा’ या शब्दाने. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे ऐकल्यावर आपल्या मनात बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थासारखे एक चक्र उभे राहते : आत्ताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निश्चिंती. दलालाने आम्हाला नेमके हेच ऐकवले होते. गणिताच्या विभागातील सहकाऱ्याने फळ्यावर मांडून दाखवले की त्याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता, मग आदल्या वर्षी पूर आलेला असो वा नसो. वीस वर्षांचे कर्ज काढून निळ्या रेषेवर घर घेतले, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, सुमारे छप्पन्न टक्के. लाल रेषेवर घेतले तरी अठरा टक्के. बँकेच्या हप्त्यांच्या तक्त्यात हा रकानाही नसतो.

कायदा याविषयी अगदीच मुका नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला पण घेणाऱ्याला ठाऊक नसलेला, आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात न येणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. ‘सर्वसाधारण काळजी’ या शब्दांवर सगळे डोलते. आमचे वकील म्हणाले, सांगलीत राहून पूर ठाऊक नव्हता असे तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? म्हणजे जे सर्वांना माहीत आहे ते कोणीच लिहून द्यायला नको. ज्ञान सार्वत्रिक आहे, या सबबीवर त्याला दस्तात जागा नाकारायची, हा युक्तिवाद मला आजही पटलेला नाही.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला तिच्या घराचा ‘नैसर्गिक धोक्यांचा खुलासा’ पाठवला. तिथे १९९८ च्या कायद्याने विकणाऱ्याला तो द्यावाच लागतो : पूर, धरणफुटीचे पाणी, वणव्याची दोन क्षेत्रे, भूभ्रंश, भूकंपप्रवण जमीन, अशा सहा बाबी आणि त्यांपुढे होय की नाही. हे वाचून हेवा वाटला हे खरे. पण बारकाईने पाहता त्यातली पुष्कळशी वाक्ये विकणाऱ्याला उद्याच्या दाव्यापासून वाचवण्यासाठी लिहिलेली दिसतात. तिने सही केली, कारण सगळेच करतात. तरीही तो रकाना असणे आणि नसणे यांत फरक आहेच.

आम्ही मालकांना एवढेच सुचवले की २०१९ चे पाणी सव्वापाच फूट होते, हे एक वाक्य दस्तात घालू आणि किंमत त्याप्रमाणे ठरवू. किंमत थोडी उतरवायला ते तयार होते. वाक्याला नव्हते. “उद्या मुलाला विकायचं झालं तर?” म्हणून आम्हीच थांबलो.

नंतर विश्रामबागेकडे, पाण्यापासून दूर, बत्तीस वर्षांच्या इमारतीत दुसरा मजला पाहिला. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्यानंतर तीन वर्षांतून एकदा व्हायला हवी. इथे ती कधीच झालेली नव्हती. तेच अभियंते पुन्हा आले. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग त्यांना पाया खचल्याचा संशय देते. तुळई आणि भिंत यांच्या सांध्यातली आडवी भेग बहुधा निरुपद्रवी. सळईच्या रेषेने जाणारी, तांबूस डाग असलेली भेग सर्वांत वाईट. शेवटची त्यांना छज्ज्यात सापडली. तिथे काँक्रीट फोडून त्यांनी फिनॉल्फ्थॅलीन फवारले. शाबूत काँक्रीट त्याने गुलाबी होते. हवेतील कार्बन डायऑक्साइडने ज्याची क्षारता मारली आहे ते तसेच करडे राहते, आणि हा करडेपणा सळईपर्यंत पोचला की गंजाला वाट मोकळी होते. छज्ज्यात सळईपर्यंत रंग उमटलाच नाही. आतल्या खांबात दीड सेंटिमीटरनंतर लख्ख गुलाबी. मी हा अहवाल मालकीणबाईंपुढे ठेवला. त्या निवृत्त शिक्षिका. चष्मा लावून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली आणि म्हणाल्या, “छज्ज्याचं मला माहीत होतं. जोडा की हे दस्ताला.”

पाहणी-अहवाल परिशिष्ट म्हणून जोडला. मुख्य दस्तात ‘निर्वेध व निजोखमी’ तसेच राहिले. वकील ते काढायला तयार झाले नाहीत. छज्ज्याचे काम पावसाळ्याआधी उरकले. पायऱ्या छत्तीस आहेत. पहिल्या वळणावर सासूबाईंसाठी एक घडीची खुर्ची ठेवली आहे, आणि सोसायटीने तिला अद्याप हरकत घेतलेली नाही.