डिकिन्सोनिया यांस अनावृत पत्र

तीर्थरूप डिकिन्सोनिया यांस,


बातमी भोपाळजवळच्या भीमबेटक्याची आहे. मार्च २०२० मध्ये तिथल्या ऑडिटोरियम गुहेत काही भूवैज्ञानिकांना लांबट, रेघारेघांचा ठसा दिसला आणि तो तुमचाच, सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा, असे २०२१ च्या शोधनिबंधात जाहीर झाले. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या पुण्याची पर्वती, वेताळ टेकडी म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात तुम्ही कुठून सापडणार? भोपाळ निदान रात्रीच्या गाडीने गाठता येते.

२०२३ मध्ये दुसऱ्या गटाने जवळून पाहिले. ठसा खडकातला नव्हताच, वर चिकटलेला होता आणि सुटत चालला होता. आग्या मोहोळाचे अवशेष! पहिल्या निबंधाच्या प्रमुख लेखकांनी चूक मान्य केली, त्यांचा मला आदर वाटतो. पण तुम्ही सापडल्याची बातमी घरोघरी गेली आणि नसल्याची तितकी पोचली नाही, याचे वाईट वाटते. त्या एका डागावरून तिथल्या खडकाचे वय पंचावन्न कोटींवर आणले होते. इतर पुरावे ते शंभर कोटींच्या आसपास नेतात.

थोडा दोष तुमचाही. तोंड नाही, आतडे नाही, नुसती गोधडीसारखी टाके घातलेली चपटी काया. ओळखायचे कसे? १९४६ मध्ये भूवैज्ञानिक रेग स्प्रिग यांना तुम्ही ऑस्ट्रेलियातल्या एडियाकारा टेकड्यांत भेटलात. पुढे सत्तर वर्षे वाद. कुणी जेलीफिश म्हणाले, कुणी कृमी, कुणी चक्क दगडफूल, आम्ही गोड्या मसाल्यात घालतो तसले. शेवटी २०१८ मध्ये संशोधक इल्या बोब्रोव्स्की आणि सहकाऱ्यांनी रशियात श्वेत समुद्राकाठच्या ५५.८ कोटी वर्षांपूर्वीच्या तुमच्या ठशावरचा पातळ सेंद्रिय थर तपासला. त्यात कोलेस्टेरॉलचे अवशेष भरपूर निघाले; भोवतालच्या थरात मात्र शैवालांच्या खुणा. तुम्ही प्राणीच! ते वाचले तेव्हा फार बरे वाटले. आपल्या माणसाचा निकाल लागला होता.

आता विनंती. जोधपूरजवळ सूरसागरच्या खाणींतला वालुकाश्म साधारण तुमच्याच काळातला मानतात. तो रोज फोडून घरे बांधली जातात. तिथे असाल तर फरशी करवतीखाली जाण्याआधी एखाद्या खाणकामगाराच्या नजरेस पडा. आणि त्याने दाखवलेला दगड निकाल लागेपर्यंत कुणीतरी जपून ठेवावा, एवढे मी इथल्या मंडळींना सांगतो.

आपला नम्र,
पुण्यातील एक वाचक