फडक्याला लागलेला रंग

फियाट पॉलिश करून झाली की फडकं निळं व्हायचं. वडिलांचं विरलेलं बनियन, त्यावर बोटभर रबिंग कंपाउंड आणि बॉनेटवर गोल गोल फिरणारे आम्हा पोरांचे हात. फडकं जितकं निळं तितकी मेहनत खरी, असा सगळ्या आळीचा हिशेब होता. तो निळा गाडीचाच असायचा. दर दसऱ्याला आळीतल्या गाड्या थोड्या थोड्या झिजत होत्या आणि त्या झिजण्यालाच आम्ही चमक म्हणत होतो.

तसं ते अगदी खोटंही नव्हतं. तेव्हाच्या गाड्यांना खाली प्राइमर, वर रंग आणि त्यावर काहीच नाही. गॅरेजवाले ज्याला ड्यूको म्हणतात तो लॅकर 1920च्या दशकात अमेरिकेत ड्युपाँटने जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी आणला. तो पटकन सुकायचा, पण उन्हात भुरा पडायचा. रबिंग मारलं की वरचा मेलेला थर निघून खालचा ताजा रंग उघडा पडायचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून कधीकाळी निघालेली गाडी झेंडूचं तोरण बांधून उभी राहिली की खरोखर नवी दिसायची. मग वॅक्सपोलचा हात, बंपरच्या क्रोमला रॉकेलचं फडकं. कडांवर मात्र काही वर्षांत प्राइमर डोकावू लागायचा. तिकडे कुणी फारसं बघत नसे.

आमच्या मुरबे गावात मोटार ही नवलाईच होती. 1969 साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, बोईसरला एमआयडीसी वाढली आणि दर्यावर न जाता महिन्याचा पगार घरी आणणारी माणसं गावात दिसू लागली. गाड्या आल्या त्या त्यांच्याच दारात. बाकी गावाचं वाहन म्हणजे होडी. खाडीपलीकडची सातपाटी होडीने हाकेच्या अंतरावर, गाडीने जायचं तर मोठा वळसा.

त्यामुळे रंगाची खरी अक्कल गावात होती ती होडीवाल्यांकडे. पावसाळाभर किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होड्या नारळी पौर्णिमेआधी उघडायच्या. मग बंदरावर तेलाचा, राळेचा, ताज्या रंगाचा असा वास सुटायचा की सुकत्या बोंबलांचा वासही त्यापुढे मागे पडावा. तांडेल आधी होडीखाली वाकायचा. पाण्यात बुडणारा भाग खरवडायचा, फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा, लाकडाला तेल पाजायचं. हे सगळं उरकल्यावर वरचे लाल-पिवळे पट्टे आणि अगदी शेवटी नाळेवर नाव. लहान पोरांना नाव रंगवायची घाई असायची, त्यांना हाकलून लावायचे.

अशाच एका दसऱ्याला शेजारचे तांडेल काका आमच्या फियाटपाशी थांबले. बॉनेटमध्ये त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता, पण त्याचं त्यांना कौतुक नव्हतं. उकिडवे बसून त्यांनी दाराच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला तांबेरा लागला. वडिलांना म्हणाले, "मास्तर, वरून काय घासताव? खारं खालून खातं." पुढच्या पावसाळ्याआधी वडिलांनी गाडीच्या पोटाला जुनं इंजिन ऑइल फासून घेतलं. आईने आठवडाभर अंगणाच्या डागांवरून त्यांना बोलून घेतलं.

आता पुतण्या रविवारी सकाळी शेडमध्ये गाडी धुतो तेव्हा त्याच्याभोवती दोन बादल्या, फोमची बाटली आणि मऊसूत मायक्रोफायबरचा ढीग असतो. एक बादली साबणाची, दुसरी हातमोजा खळबळायची, म्हणजे वाळूचा कण पुन्हा रंगावर जायला नको. मग एक फवारा मारतो. रंगात रुतलेले लोखंडाचे बारीक कण जांभळे होऊन ओघळतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. (मुरब्यात त्याची तक्रार कोण करणार!) त्यानंतर क्लेचा गोळा, मग पॉलिशचं मशिन. वलांडीवर सुकत घातलेल्या बोंबलांवर टपलेले कावळे जाता जाता छतावर प्रसाद टाकतात. तो उन्हात वाळू दिला तर रंगावर कायमचा डाग बसतो, म्हणून पुतण्या तो पुसायला जेवणावरूनही उठतो.

त्याचं फडकं पांढरंच राहतं. आताच्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ. झिजतो तो हा थर, आणि त्याला रंगच नाही. माझ्या मते हे अधिक फसवं आहे. आमचं फडकं निदान सांगत तरी होतं की काहीतरी जातंय; आता ते कळायला थराची जाडी मोजणारा मीटर लावावा लागतो. तरी काम पुतण्याचंच सरस, हे मान्य करायला हवं. भर उन्हात, एका बादलीच्या मचूळ पाण्यात, रॉकेल लावून आम्ही जे करत होतो त्याला गाडीची सेवा म्हणणं धाडसाचं आहे. उणीव आहे ती माणसांची. आमच्या फियाटला सहा-सात पोरं लटकलेली असायची. पुतण्याला कुणी हात लावलेला चालत नाही, कारण अंगठीचा ओरखडा पडतो.

होड्याही बदलल्या. लाकडावर फायबर चढलं, तेल पाजायचं काम गेलं. परवा तांडेल काकांचा मुलगा आला तेव्हा पुतण्या त्याला सिरॅमिक कोटिंगचं सांगत होता: पाणी कसं ओघळून जातं, खार कसा धरत नाही, बोईसरला किती पैसे घेतात. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "फायबरच्या आत पाणी शिरलं की लाकूड कुजतं आणि वरून होडी झकास दिसते. दाराच्या खाली पाणी जायची भोकं असतात, ती साफ केलीस कधी?"

पुतण्याने दार उघडून तळाशी तार घातली. मूठभर वाळू आणि काळं पाणी बाहेर आलं. उरलेल्या तीन दारांत दुपार गेली आणि सिरॅमिकचं बोलणं पुढच्या महिन्यावर ढकललं गेलं.